दूध वर येईपर्यंत

आत्याबाई, सोमवारी कारखान्यात डॉक्टरसमोर उभी राहिले तेव्हा तुमची आठवण आली. एरवी येत नाही असं नाही, पण एरवी मी ती झटकते आणि कामाला लागते. या वेळी झटकली जाईना, म्हणून धाकटीच्या वहीतला कागद फाडून बसले आहे. माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं. पुढचं अक्षर सुधारलं ते कारखान्यात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं. त्यामुळं लिहायला सोपं जातंय.

तुम्ही शेळ्या चारायच्या त्या माळावर आता औषधाचा कारखाना झालाय. तिथं बाटल्या धुवायच्या खात्यात मी दीड वर्ष जाते. काचेच्या बाटल्यांची खोकी जमिनीवरून उचलायची, ओट्यावर ठेवायची, धुतली की पुन्हा खाली. दिवसभर खाली आणि वर. दीड वर्ष कच्ची नोकरी होती. गेल्या महिन्यात मुकादम म्हणाला, डॉक्टर तपासणार, पास होईल ती बाई कायम, बाकीच्यांनी घरी जायचं. तुमचा लेक, माझा मालक, जाऊन तीन वर्षं झाली, आत्याबाई. थोरल्या पोरी नांदायला गेल्या; तुम्ही न पाहिलेली धाकटी नात सातवीला आहे आणि तिला मास्तरीण व्हायचंय. ही नोकरी गेली तर तिची शाळा गेली, एवढं सरळ आहे. आणि माझा डावा पाय कसा आहे ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? निकाल शेवटी सांगते. घाई मला असते, तुम्हाला कधीच नव्हती. आज तुमच्या चालीनं लिहिते.

तिसऱ्या बाळंतपणानंतर तो ताप आला आणि मी चार महिने अंथरुणाला खिळले. ताप गेला, पण पाय घेऊन गेला. पोटऱ्या वाळून काटक्या झाल्या, डावी जास्तच. खाली बसले की उठता येईना. चुलीपुढं बसता येत नाही, जात्याला बसता येत नाही, परसाकडं नेताना तुम्ही मला काखेत धरून न्यायच्या. गावातली अर्धी बाळंतपणं तुमच्या हातची, लोक सुईणीला मानायचे, आणि सुईणीच्याच घरात पांगळी सून. चुलतसासरे ओसरीवर बसून मोठ्यानं म्हणाले, मला ऐकू जावं म्हणूनच, "वयनी, पोराला दुसरी करून द्या. हिचं काय खरं न्हाई." मी आत पडून आहे, डोळे मिटलेले. तुम्ही चुलीवर दूध ठेवताय. तुम्ही एवढंच बोललात, "दूध तापू द्या भावजी, मग बोलू." दूध तापलं, त्यांनी पिलं, गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला ओसरीवर आणून ज्वारीच्या पोत्यावर बसवलंत. समोरच्या खांबाला गाईचं दावं बांधलेलं.

"धर."

"काय धरू?"

"दावं. आन् ऊठ."

"उठवत न्हाई आत्याबाई."

"बसाया येतंय न्हवं? मग उठायाबी येतंय. ऊठ, आन् परत बस. दूध वर येईस्तवर."

तुम्ही आत चुलीपाशी जाऊन बसलात. तिथून तुम्हाला दूधही दिसायचं आणि दारातून मीही. पहिल्या दिवशी दोनदा उठले. तिसऱ्यांदा दावं सुटलं आणि पोत्यावर आदळले. दूध वर आलं, तुम्ही ते उतरवलंत, माझ्यापुढं पेला ठेवलात आणि धारेला गेलात. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच बोलला नाहीत. रोज तसंच. दूध वर आलं की बंद, मग माझ्या अंगात जोर असो नसो. मोजायचं नाही म्हणायच्या. "मोजलं की कालच्यासंगट भांडान लागतंय."

हे सगळं ओसरीवर, वाटेला लागून. पाण्याला जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. उठाबशा म्हणजे शिक्षा, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं. मलाही तेवढंच कळत होतं. दुसरीत मास्तरांनी सगळ्या वर्गापुढं मला वीस काढायला लावल्या होत्या, त्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. आणि इथं सासू रोज काढायला लावते, तेही भरगावात. एक बाई हंडा कमरेवर घेऊन म्हणाली, "का गं आत्या, सुनेनं काय चोरलं?" तुम्ही आतून ओरडलात, "चोरलं न्हाई, हरवलंय. तेच हुडकतीया." सगळ्या हसल्या. मला वाटलं, माझ्यावर हसल्या. रात्रंदिवस मनात तुमच्या नावानं बोटं मोडत होते. आज लिहायला काय जातंय, मी तुम्हाला कसाईण म्हणायचे, मनात.

मग माझ्या माहेरी कुणीतरी निरोप पोचवला. चाकणच्या पलीकडून मोशीवरून बैलगाडी जुंपून माझा थोरला भाऊ आला. पायतानही काढलं नाही. ओसरीसमोर उभा राहून गरजला, "आमची पोरगी काय चोर हाय व्हय? उठाबशा काढाया लावताय? आमी मेलो न्हाई अजून!"

तुम्ही पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवलात. "चोर न्हाई पाव्हणं, पांगळी हाय. न्या तुमी. आत्ताच न्या. पर उचलून न्यावी लागंल. सा म्हैनं ठिवली तर चालत यील."

भाऊ गडबडला. "पर गाव काय म्हनंल?"

"गाव तिला धरून परसाकडं नेतंय का?" तुम्ही चुलीकडं वळलात. "दूध ठिवलंय. यवढं आलाय तर तुमीबी काढा की चार तिच्यासंगट. बघू बाप्यात किती दम हाय."

भाऊ इरेला पेटला आणि माझ्या शेजारी उभा राहून बैठका मारायला लागला. सहावीला त्याचा गुडघा असा कट्कन वाजला की बैलांनी कान टवकारले. मी हसले. त्या आजारानंतर पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता दाव्याशिवाय उठून उभी राहिले. दोघांनी पाहिलं. भाऊ दूध पिऊन, जेवून, एकटाच परत गेला. तुम्ही तेवढंच विचारलंत, निरोप कुणी धाडला. मी मान हलवली, ठाऊक नाही. तुम्ही समोरच्या दाराकडं पाहिलंत. तिथं शेजारीण काकी तांदूळ निवडत बसली होती आणि कान इकडं होता, जसा नेहमी असायचा. तुम्ही म्हणालात, "कळलावी." त्या दिवसापासून तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत.

मग पोतं गेलं, उलटं घमेलं आलं. घमेलं गेलं, पाट आला. पाटावरून जमिनीवर यायला पुढची सुगी उजाडली. एक दिवस तुम्ही खांबाचं दावं सोडलंत. मला वाटलं आता तरी काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "वासराला लागतंय."

बरी झाले तसा माझा उतावळेपणा वर आला. नणंदेच्या लग्नात चार दिवस उठाबशा राहिल्या. पाचव्या दिवशी मी चारही दिवसांच्या मिळून एकदम काढायला बसले. दूध वर आलं, उतरलं, साय धरली, मी आपली चालूच. दुसऱ्या दिवशी जिन्याची पायरी चढता येईना. तुम्ही मला कधी इतकं बोलला नव्हता. "चार दिस उपाशी ऱ्हायलीस तर पाचव्या दिशी सोळा भाकरी खाशील का गं? कालचं काल गेलं. कमी चालंल, एक चालंल, पर शिळी चालायची न्हाई." मी फुगून बसले. तुमचं खरं होतं हे मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

कारण तुम्ही गेलात आणि मी सोडून दिलं. खरं सांगते. सांगणारं कुणी उरलं नाही, दूध तापवायला दुसरं कुणी नव्हतं, कामं होती, ही सगळी कारणं. खरं कारण एवढंच की चुलीपासून बघणारं कुणी नव्हतं. एक वर्ष गेलं. मग नदीवर धुणं धुताना ओला पिळा घेऊन उठायला गेले आणि उठता आलं नाही. पवनेच्या दगडावर तशीच बसून राहिले, बायकांना वाटलं मी दमलेय. मला घाम फुटला होता. तोच पाय, तीच काटकी, तेच चुलतसासऱ्यांचं बोलणं कानात. घरी आले आणि पोतं ओढून ओसरीवर आणलं. वर्षाचं शिळं काढायला बसले नाही, तेवढं शिकले होते. दूध ठेवलं आणि दोनदा उठले. तिथून आजपर्यंत, धाकटी पोटात असताना, तुमचा लेक गेला तेव्हा, पहाटेच्या पाळीला जायचं असतं तेव्हा. कधी एकच, कधी पुष्कळ. दूध नसेल त्या दिवशी चहाचं आधण. आता पोरगी म्हणते, "आई, तू उठबस केली नाहीस तर दूधच तापायचं नाही." तिला वाटतं सगळ्यांच्या घरी असंच असतं.

तर सोमवार. आम्ही अकराजणी रांगेत. डॉक्टर तरुण, चष्मा, बोलायला बरा. माझं वय विचारलं. म्हटलं, चाळीस असेल, पंचेचाळीस असेल, आईनं लिहून ठेवलं नाही. डोळे पाहिले, छाती ऐकली. मग म्हणाला, लुगडं जरा वर घ्या, पाय बघू. डावी पोटरी उजवीपेक्षा अजून बारीकच आहे, आत्याबाई, ती काही भरली नाही. त्यानं ती पाहिली आणि लेखणी खाली ठेवली. पोरीची पाटी-पुस्तकं डोळ्यांपुढं आली, आणखी काही आलं नाही.

"हा पाय कधीपासून असा?"

"वीस वर्षं झाली."

"बाई, खोकी उचलायचं काम आहे. या पायावर..."

"साहेब, बसून उठायला सांगा की. पायाला काय विचारताय?"

तो थोडा हसला. "बरं. खाली बसा. हात न टेकता उठा."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदाच? दूध तरी ठेवा चुलीवर."

त्याला काही कळलं नाही, पण मी बसले, उठले, बसले, उठले. थांबायचं कधी ते मला ठाऊकच नव्हतं, तिथं वर यायला काही नव्हतं. मागं उभ्या असलेल्या पोरी मोजायला लागल्या. तिशीच्या आतल्या दोघी मघाशी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या होत्या, त्या सगळ्यांत मोठ्यानं मोजत होत्या. एकविसाव्याला डॉक्टर म्हणाला, "बास, बास हो बाई, मलाच गरगरायला लागलं," आणि लेखणी उचलून लिहिलं. काय लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचलं. योग्य. बाटल्यांवर असतो त्यापेक्षा सोपा शब्द आहे. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. महिनाभर छातीवर पाटा ठेवल्यासारखा होता तो उतरला. घरी येईपर्यंत रुळाच्या कडेनं मी चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठाऊक होतं." हिला कसं ठाऊक? मला ठाऊक नव्हतं.

झालं. निकाल सांगून झाला. आता राहिलं ते सांगते, ज्यासाठी तुम्हाला वाचता येत नव्हतं हे बरं म्हणाले.

माहेरी निरोप काकीनं धाडला नव्हता. बांगड्या भरायला कासार आला होता, तो पुढं चाकणच्या बाजाराला जायचा. त्याच्याजवळ मीच निरोप दिला, सासू रोज शिक्षा करते, मला घेऊन जा. तुम्ही समोरच्या दाराकडं पाहिलंत तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मग तुम्ही चालायला शिकवत राहिलात आणि दर महिन्याला सांगणं जड होत गेलं. तुम्ही तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाहीत, विहिरीवर तोंड फिरवलंत. शेवटच्या दुखण्यात ती पेज घेऊन आली तर भिंतीकडं कूस बदललीत. ती वाटी तिच्या हातातून मी घेतली. तेव्हाही बोलले नाही.

काकी आहे अजून. दिवाळीच्या आधी अंगणात पडली, तेव्हापासून खालून उठता येत नाही, तिची सून तिला काखेत धरून नेते. मी तिला आपल्या ओसरीवर आणली. पोतं मांडलं, खांबाला दावं बांधलं, दूध ठेवलं. शिव्या घालते मला. म्हणते, "तुझी सासू परवडली, ती निस्ती माज्यासंगट बोलत न्हवती. तू बी कामाचं बोलत न्हाईस, आन् वर उठाबशा काढाया लावतीस!" रोज येते तरीही, सुनेच्या खांद्याला धरून, सूर्य वर यायच्या आत.

मोजायचं नाही हा तुमचा नियम मी वीस वर्षं पाळला. हिच्या मात्र मोजते. मनाशी ठरवलं होतं, हिच्या आठ झाल्या की कासाराचं सांगून टाकायचं. आज सकाळी आठ झाल्या. दूध वर येत होतं, म्हातारी धापा टाकत माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, काकी, दहा होऊ देत.