राजाला उठवायला दोघे लागतात

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घे). तू, वहिनी आणि तू दुरुस्त करतोस त्या सगळ्या लिफ्ट ठणठणीत असाल अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. माझं शिवणकाम यथातथाच चाललंय. बाबांचा उजवा हात हल्ली थरथरतो. कप ओठांपर्यंत पोचतो तोवर निम्मा चहा बशीत आणि उरलेला सदऱ्यावर असतो. डॉक्टर म्हणाले, हाताला आराम द्या. जन्मभर कळसूत्री बाहुल्या नाचवलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं? बारा वर्षांत माझं हे पहिलंच पत्र, म्हणून घाबरू नकोस. सहजच लिहितेय.

तर, सांस्कृतिक कार्यालयाने लोककलांसाठी अनुदान जाहीर केलं. मिळालं तर नवा पडदा, दिवे आणि मुख्य म्हणजे चार जणांना हातात दोऱ्या देऊन शिकवायची सोय. नाही मिळालं तर बाबांबरोबर आपला खेळ संपला, यात काही शंकाच नाही. अर्ज चौदा पानी. त्यातली मेख अशी, की कला जितकी मरायला टेकलेली, तितके गुण जास्त. एरवी माणूस उपाशी असला तरी बरं चाललंय म्हणून सांगतो. इथे आपलं वाटोळं झाल्याचा पुरावा जोडायचा होता. मी मन लावून जोडला. फाटका पडदा, वाळवी लागलेला प्रधान, गळकं छप्पर, सगळ्यांचे फोटो काढले (छप्पर शेजाऱ्यांचं होतं, पण गळत होतं हे खरं). एक रकाना होता: ही कला आज किती जणांना येते? एकालाच येत असेल तर पैकीच्या पैकी गुण. मी ठसठशीत 'एक' लिहिलं, म्हणजे बाबा; मला बाहुल्यांचे कपडे शिवण्यापलीकडे काही येत नाही. (राग मानू नकोस. राजाचं पाऊल कोणामुळे चुकलं यावरून बाबांशी भांडून तू गेलास तो गेलासच, आणि लिफ्टच्या दोरांना कोणी कला म्हणत नाही.)

मग कळलं, की कार्यालयातल्या बाई खेळ पाहायला येणार. मी शहाणपणा करून कोणालाच बोलावलं नाही. चाळीस खुर्च्यांवर चार म्हातारे, असं मरणकळा आलेलं दृश्य माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण पाहुणा दारात आणि खुर्च्या रिकाम्या, हे बाबांना सहन व्हायचं कसं? सकाळपासून ते दारोदार फिरले. आपले न्हावीकाका, अजूनही खेळात ढोल वाजवतात, ते दुकानातली गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी घेऊन आले. बाई आल्या तेव्हा त्यांनाच बसायला जागा नव्हती. त्यांनी उभ्यानेच वहीत काहीतरी खोडलं आणि मी समजले, अनुदानाचे बारा वाजले.

तरी बाई भल्या. शेवटपर्यंत थांबल्या आणि विचारलं, तुमचा राजा अख्ख्या खेळात बसूनच का असतो? आता तुला ठाऊक आहे, त्याला अकरा दोऱ्या आणि त्याला चालवायला दोन माणसं लागतात. तू गेल्यापासून त्याने सगळी युद्धं सिंहासनावरूनच जिंकली आहेत. हे सांगायला मी तोंड उघडतेय, तोच बाबा म्हणाले, उठवतो की. त्यांनी पायाच्या दोऱ्याही त्या उजव्या हातात घेतल्या. राजा अर्धवट उठला आणि लटपटायला लागला. लोकांना वाटलं, राजाचं म्हातारपण दाखवताहेत. टाळ्यांचा नुसता कडकडाट. बाबांनी त्याला हळूच खाली बसवलं, दोऱ्या खुंटीला लावल्या आणि माणसं पांगेपर्यंत पडद्यामागून बाहेर आले नाहीत. मला फार वाईट वाटलं, दादा. टाळ्यांची अशी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

असो. तू यातलं काही मनावर घेऊ नकोस. तुला तुझे व्याप आहेत, आमचं आम्ही निस्तरू. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. कार्यालयाचं उत्तर आलं आहे. अर्ज अजून फेटाळलेला नाही. पण त्यात कलाकार दोन लिहिले आहेत, तेव्हा दोघांनी मिळून खेळ करून दाखवावा, म्हणतात. मी जाऊन अर्ज पाहिला. सहीसाठी कागद बाबांकडे दिला होता, तेव्हा त्यांनी माझा 'एक' खोडून वाकड्यातिकड्या अक्षरात 'दोन' लिहिलंय. पैकीच्या पैकी गुण गेले. मी भांडले तर म्हणाले, "त्याला येतं. मग नाही कसं लिहायचं?"

पुन्हा ता. क. तारीख पुढच्या महिन्याची सतरा, सकाळी अकरा. एक दिवसाची रजा काढ. बाबांशी बोलायची सक्ती नाही. पडद्यामागे तसंही कोणी बोलत नाही.

आणि हे शेवटचं. घर बदलल्यानंतरचा तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. भीत भीत बाबांना विचारला. बाहुल्या पुसता पुसता, मान वर न करता त्यांनी तो सांगितला. गल्ली, इमारत, मजला, दाराचा नंबर, सगळं तोंडपाठ.