लुंबिनीची खोली

मी, आनंदराज मारोती भद्रे, वय चौऱ्याहत्तर, राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार नांदेड. डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र कुणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. याआधी केलेले नाही.

१. राहते घर मुलगा धम्मदीप याच्या मालकीचे होईल. मुलगी लुंबिनी लग्नानंतर काठमांडूची झाली. तिने नेपाळचे नागरिकत्व घेतले. तिच्या नावे घर करायचे तर परवानग्या लागतील, असे वकील म्हणतात. म्हणून मागची खोली तिच्या हयातभर तिच्यासाठी राखीव. ती भाड्याने देऊ नये. तीत सोयाबीनची पोती रचू नयेत.

२. लोहा गावची जमीन धम्मदीपने कसली, ती त्याचीच. ठेवी दोघांना निम्म्या.

३. धम्मदीप बहिणीशी बोलत नाही, त्याचे कारण नोंदवतो. २०१५ साली भारताच्या बाजूने नेपाळची सीमा अडली, इंधन थांबले, त्या वर्षी लुंबिनी तिथल्या व्यापार खात्यात होती. फोनवर हा म्हणाला, "ताई, चीनचं तेल घिऊन राहिले म्हणं तुमी. आमाला इसरले?"

ती हसली. "तेल कुणाचं बी असू दे, चूल आमची हाय. एकाच शेजाऱ्याकडं दार ठेवलं अन् त्यानंच वाट अडवली, तर खावं काय रे?"

"म्हंजे तू आता त्यांची."

"न्हाई. त्यांची बी न्हाई, तुमची बी न्हाई."

याने फोन ठेवला.

नेपाळने वीज दक्षिणेला विकायची, रस्ता उत्तरेकडून घ्यायचा, फौज कुणाचीच येऊ द्यायची नाही. हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले. तेव्हा लुंबिनी संध्याकाळी घरी असायची, माझ्याकडून हेच ऐकायची.

४. पृथ्वीगोल माझे सहकारी सिद्रामप्पा यांना. "भद्रे सर, नेपाळ म्हंजे आपलंच की," असे ते चहा पिताना दर वेळी म्हणत. गोलावर नेपाळचा रंग वेगळा आहे. तेवढे पाहावे.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने. त्रिसरण, पंचशील म्हणावे; भाषणे नकोत. लुंबिनी पोहोचेपर्यंत थांबू नये. मी पुष्कळ थांबलो आहे.

६. ती आल्यावर धम्मदीपने आधी पाणी द्यावे. तू कोणाच्या बाजूची, हे विचारू नये. किती दिवस राहणार, हेही विचारू नये. मागच्या खोलीची किल्ली तिच्या हातात द्यावी. दुसऱ्या दिवशीच ती परत निघाली, तरी किल्ली मागू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला व पुढील दोघांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

(सही) आनंदराज मारोती भद्रे

साक्षीदार:
(सही) रामकिशन गणपतराव इंगोले, शेजारी
(सही) आरती विश्वनाथ चौदंते, ग्रंथपाल

नांदेड, ता. ९ डिसेंबर २०२४