मिशी, लोबान आणि डाळीएवढं भिंग

जालना,
रविवार, ३१ ऑक्टोबर १९९९

तीर्थस्वरूप तातेरावमामांच्या पायावर भाचा भुजंग याचं डोकं. (बसल्या जागेवरूनच ठेवतो, कारण तुमच्या तीर्थपुरीची गाडी आजबी चुकली.) इकडं मी खुशाल. तिकडं तुम्ही, दुर्गामामी आन् तांबड्या गाईचं वासरू खुशाल असाल. गुडघा कसा आहे? खोकला काय म्हणतो? डोळ्याबद्दल मी विचारणार न्हाई. पोळ्याला तुम्ही मला गळ्याची शपथ घालून बजावलंत की डोळ्याचं नावसुद्धा काढायचं न्हाई, आन् मी शपथ मोडणाऱ्यातला न्हाई. त्याच दिवशी तुम्ही शेजारच्या कडूबाच्या बैलाला ओवाळून आपल्या घरची पुरणपोळी चारली, आपला बैल दावणीला उभा राहून बघत राहिला, आन् वरून तुम्ही म्हणालात की मुद्दामच चारली, शेजारधर्म म्हणून. तेबी मी काढणार न्हाई. मोतीबिंदू पार पिकलाय, दिवाळीच्या आत काढून टाकू, असं मी म्हणताच तुम्ही चारचौघांत गरजलात, "जालन्याच्या धुळीत बनलेलं भिंग माझ्या डोळ्यात? त्यापरीस मी चाचपडत जगंन!" ते मात्र माझ्या काळजाला लागलं, मामा. कारण ते भिंग मी बनवतो. असो. आज नुसत्या कारखान्याच्या गमती लिहितो. पत्र मामीच वाचून दाखवत असतील, तर मामी, जरा सावकाश वाचा.

धुळीबद्दल तुमचं बराबर आहे. एमआयडीसीत आमच्या एका अंगाला सळ्यांची मिल आन् दुसऱ्या अंगाला बियाण्याचा कारखाना. सकाळी पांढरा सदरा घालून सायकलवर निघालो की फाटकापाशी पोचेस्तोवर आपण कोणत्या रंगाचा सदरा घातल्ता ते आठवावं लागतं. पण आमची आतली खोली म्हणजे वेगळीच दुनिया. आत जायचं तर कपाळाचं गंध धुवायचं, पावडर न्हाई, केसाला तेल न्हाई, तंबाखूची डबी बाहेर. मंग एक आडवं बाकडं लागतं. अलीकडं बाहेरची चप्पल, पलीकडं आतले बूट, आन् बाकड्यावर बसून एकेक पाय असा फिरवायचा की बाहेरचं पाऊल आत टेकलं न्हाई पाहिजे. (तुमच्या आईचं, म्हणजे आमच्या गिरिजाआजीचं सोवळं आठवतं? आजी आमच्याकडं आली असती तर पहिल्याच दिवशी कायम झाली असती. मी वर्ष होत आलं तरी कागदावर अजून हंगामीच आहे.) त्याच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, तोंडाला फडकं, फक्त डोळे उघडे. सगळे सारखेच दिसतात. पहिल्या महिन्यात एकदा मी इनायतभाई समजून ज्यांच्यापाशी घटकाभर मॅडमची गाऱ्हाणी सांगितली, त्या स्वतः बोधनकर मॅडम निघाल्या. आमच्या सगळ्यात वरच्या साहेब. बाईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. (इनायतभाई म्हणजे गच्चीवरचं हवेचं मशीन सांभाळतात ते. कारखान्यातला माझा एकुलता एक दोस्त.) शेवटी वाऱ्याची कोठडी. दार लागतं आन् चारी बाजूंनी वारा असा झोडपतो की पहिल्यांदा मी हात जोडून देवीला शरण गेल्तो. तेव्हा कुठं आत जायला मिळतं. एवढा सगळा सोहळा कशासाठी, तर मसुराच्या डाळीएवढ्या एका भिंगासाठी, ज्याला दोन अंगांनी केसासारखे दोन पाय असतात. त्याच्यावर धुळीचा बारकासा कण बसला तरी ते मातीमोल.

आता खरी कथा. भादव्यापासून आमच्या भिंगांवर कण दिसायला लागले. नुसत्या डोळ्याला काही दिसत न्हाई, पण दुर्बिणीखाली धरलं की ठिपका. डबेच्या डबे फेकून द्यावे लागले. मॅडम दिवसभर आमच्या पाठीमागं उभ्या राहायच्या आन् कोण खाजवतो, कोण शिंकतो ते बघायच्या. फिरत फिरत त्यांची नजर माझ्या मिशीवर ठरली. आमच्या घराण्याची मिशी, मामा! फडकं बांधलं तरी दोन्ही अंगांनी बाहेर डोकावणार. मॅडम म्हणाल्या, ही मिशी म्हणजे झाडू आहे, केस गळतात, धूळ धरते, ठरवा काय ते. मी म्हणालो, बाई, हिला आमच्या वडिलांनीबी कधी नाव ठेवलं न्हाई. त्यावर बाईंनी नुसतं फाटकाकडं बघितलं. मी दुसऱ्या दिवशी सफाचट होऊन आलो. वॉचमननं मला आत सोडलं न्हाई. इनायतभाईंनी बघितलं आन् खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला, मयतीला जाताना बांधतात तसा. आन् एवढं होऊन कण काही थांबले न्हाईत. तरी बाईंचा संशय माझ्यावरच. आता म्हणे भुवया.

त्यातच खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळ्या एमआयडीसीत मशिनी धुऊनपुसून हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. शेजारच्या मिलवाल्यांनी तर वजनकाट्यालाबी हार घातल्ता. आन् आमच्याकडं? बिलकुल काही न्हाई! मॅडमनी आधीच बजावलेलं, हळदीचा कण आत दिसला तर ज्याच्या बोटाला पिवळं त्याला घरी पाठवीन. आम्हा पोरांचं म्हणणं एकच. आधीच मशीन रुसलेली, त्यात वर्षाच्या सणाला तिला बोटभर कुंकू न्हाई, मंग ती सुधरणार कशी? मी डोकं चालवलं. (मामी, इथं मामा हसतील, त्यांना हसू द्या.) आत पूजा करायची न्हाई ना? मंग बाहेर करू! सगळी स्वच्छ हवा येते कुठून? गच्चीवरच्या मोठ्या पंख्यातून. म्हणजे खरा देव तिथंच. इनायतभाईंना विचारलं तर ते म्हणाले, पंखा माझा, मीबी येतो, आन् धुपाचा खर्चा माझा. बाजारातून त्यांनी पुडाभर लोबान आणला, एकदम असली. पंख्याला माळ घातली, पुढं नारळ फोडला, आन् शेगडीवर लोबान टाकला. काय धूर निघाला, मामा! आन् काय शहाणा धूर! इकडंतिकडं कुठंच गेला न्हाई, सरळ पंख्याच्या तोंडात. मी म्हणालो, बघा इनायतभाई, देवानं स्वीकारला. इनायतभाईंचं तोंड एकदम उतरलं. ते म्हणाले, "अरे भुजंग, हा पंखा हवा आत ओढतो रे!"

तेवढ्यात खाली घंटा वाजायला लागली. आत हवेतले कण मोजायची यंत्रं आहेत, चार कोपऱ्यांत चार. आम्ही जिन्यावरून धडपडत उतरलो तर सगळे जण कामं टाकून बाहेर आलेले, आन् सगळ्या कारखान्यात दर्ग्याच्या उरसासारखा वास. मॅडम समोर उभ्या. माझ्या बोटाला हळद, इनायतभाईंच्या हातात शेगडी. लपवायला जागाच न्हाई. बाई म्हणाल्या, "दोघंबी हिशेब करून घ्या." खरं सांगतो मामा, तेव्हा मला नोकरीच्या आधी तुम्ही आठवलात. म्हटलं, आता मामांना कोणत्या तोंडानं सांगू की आमचं भिंग चोख असतं?

आम्ही माना खाली घालून निघालो, तर बाई मागून ओरडल्या, थांबा! बाईंचं सगळं ध्यान घंटेकडं. चार यंत्रांपैकी एकच वाजून राह्यलं होतं, भिंगं डबीत भरायच्या टेबलावरचं. बाकीची तीन गपगार. वास सगळीकडं, पण धूर फक्त तिथंच. बाईंनी इनायतभाईंना जल्दी शिडी लावायला सांगितली. वर छतात हवा गाळायची जाळी असते, तिच्या कडेचं रबर एका अंगानं सुटलेलं, सुताएवढी फट. तिच्यातून दीड महिना न गाळलेली हवा नेमकी तयार भिंगांवर पडत होती. माझ्या मिशीचा त्यात काडीचाबी संबंध न्हाई! मी तिथंच म्हणालो, बाई, निर्दोष सुटली, पण फाशी आधीच झाली. बाई पहिल्यांदाच हसल्या. (फडकं होतं, पण डोळ्यांवरून कळतं.) नवीन रबर बसवलं, खोली तीनतीनदा पुसून काढली, आन् तवापासून भिंगं अशी निघून राह्यलीत की दुर्बिणीखाली धरलं तरी काही हाय का न्हाई कळत न्हाई. आम्हा दोघांना ताकीद मिळाली, आन् तुझ्या धुरामुळंच फट सापडली म्हणत त्याच दिवशी मला कायम केल्याचं बाईंनी तोंडी सांगितलं. पुढच्या खंडेनवमीला पूजा फाटकापाशी, पंख्यापासून लांब, आन् नारळ मॅडम स्वतः फोडणार.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, वासराला गोंजारणं.

तुमचा भाचा,
भुजंग (सध्या बिनमिशीचा)

ता. क. बाबांना मिशीचं कळवू नका. मी त्यांना गळू झाल्याचं सांगितलंय.

ता. क. दुसरा. मामा, शपथ मोडतो. तुमचा गळा शाबूत राहो, पाप माझ्या माथी. जालन्याच्या डॉक्टरांशी येत्या शुक्रवारचं बोलून ठेवलंय, ते आमचंच भिंग बसवतात. ज्या भिंगासाठी आम्ही हळदीचं बोट धुतो आन् घराण्याची मिशी उतरवतो, त्याच्यात जालन्याची धूळ निघाली तर मला दारात उभं करू नका. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर बसवून कुंभार पिंपळगावचा बाजार दाखवलात. आता एकदा मला तुम्हाला काहीतरी दाखवू द्या.

ता. क. तिसरा, फक्त मामींसाठी. हे मोठ्यानं वाचू नका. मामा तरीबी न्हाई म्हणाले तर सांगा की जालन्याला बैल बघायला जायचंय, ते लगेच धोतर बदलतील. आन् सवयीनं हेबी मोठ्यानं वाचून झालं असंल, तर आता इलाज न्हाई. मामा, ऐकलंच आहे तर सकाळच्या पहिल्या गाडीनं या. पट्टी सोडल्यावर समोर एक बिनमिशीचा माणूस रडताना दिसंल. त्याला कडूबाचा बैल समजू नका, तो मीच.