तात्यांच्या डोळ्यांचा वाटा

तात्या,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज तुमच्याशी भांडायचं म्हणून लिहायला बसले आहे. समोर असता तर भांडता आलं नसतं. "बरं, बरं," म्हणत टॉवेल खांद्यावर टाकून तुम्ही डाळिंबाच्या बागेत निघून गेला असता. आता कुठं जाल? बसा आणि ऐका.

तुमचा नातू, माझा मुलगा, लष्कराच्या भरतीत बाद झाला. पळण्यात नाही, उंचीत नाही, छातीत नाही. पोरगं थंडी म्हणू नका, चिखल म्हणू नका, रोज पहाटे पिंपळीच्या कॅनॉलवरनं पळायचं. गोड सोडलं, मित्रांच्या लग्नाच्या वराती सोडल्या. लेखी काढली, ग्राउंड मारलं, आणि मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरून त्यातला आकडा वाचायला सांगितला. ह्याला आकडाच दिसेना. पान उलटलं, तिथंही तेच. बाहेर आल्यावर मला फोन करून म्हणतो, "आई, त्यात आकडा नव्हताच गं. बाकीची पोरं फेकत असतील." मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते. हातात खडू होता.

खडूचं मुद्दाम सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे, सगळ्या इंदापूरभर तुम्हीच सांगत फिरायचा. त्यात आनुवंशिकतेचा धडा असतो. दरवर्षी फळ्यावर चौकट आखून मी मुलांना विचारते, बापाला लाल-हिरवा ओळखू येत नाही, आईची नजर चांगली, तर पोरांचं काय होईल? हा गुण एक्स गुणसूत्रावर असतो. बाप मुलाला वाय देतो, म्हणून बापाचा हा दोष मुलाकडे जात नाही. मुलीला मात्र बापाचा एक्स मिळतोच, त्यातून तिची सुटका नाही. पण आईकडून आलेला दुसरा चांगला एक्स तिला सांभाळून घेतो, म्हणून तिला सगळे रंग दिसतात. पुढं तिच्या मुलाला दोन्हींतला कुठला जाईल, ते नशीब. निम्मी शक्यता. मुलं एका सुरात उत्तर देतात आणि मी शाबासकी देते. इतकी वर्षं ही चौकट आखली, पण त्यात स्वतःचं घर कधी दिसलं नाही मला. काय म्हणावं ह्या मास्तरणीला!

त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कुणालाच न्हाय, बाई." मला असा राग आला! आणि गंमत बघा, म्हातारी शंभर टक्के बरोबर होती. मी आत जाऊन आईला फोन लावला. विचारलं, तात्यांना रंग दिसायचे का गं? तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "लाल-हिरवं न्हाय कळायचं. लगीन झाल्यावर डाळिंबाच्या पयल्याच तोड्याला मला उमगलं. कुणाला सांगू नगं म्हणाले. लाज वाटायची त्यांना."

म्हणजे लक्ष्मीचा हात तो हाच! तात्या, तुम्ही काय नाटकी माणूस होता हो! मला अजून ती बाग दिसते. तोड्याचा दिवस आहे, बांधाला क्रेट रचलेत, व्यापारी टेम्पोला टेकून उभा आहे. आई झाडांच्या ओळीतून पुढं चालली आहे आणि एकेका फळाला हात लावते आहे. मागून तुम्ही कात्री घेऊन, तिनं हात लावलेलं फळ तेवढंच तोडताय. व्यापारी विचारतो, हे काय नवीन? तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगता, "घरच्या लक्ष्मीचा हात लागल्याबिगर आमी फळ तोडत न्हाय." त्या वर्षी माल चांगला निघाला, आणि पुढच्या हंगामाला शेजारच्या बागांतल्या बायकाही पदर खोचून झाडांना हात लावत फिरायला लागल्या. हसू आवरून तुम्ही ते बघत कसे उभे राहायचा, देव जाणे.

एकदा ऐन तोड्यात आई तापानं फणफणली. तुम्ही मला म्हणालात, "चल, आज तू लक्ष्मी." मला वाटलं खेळच आहे. मी वाटेल त्या फळाला हात लावत सुटले आणि तुम्ही मागून तोडत आलात. ओळ संपल्यावर क्रेटमध्ये पाहिलं तर हिरवीगार फळं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "तात्या, ही तर कच्ची हायत, तुमाला दिसत न्हाय व्हय?" गडी हसले, व्यापारी हसला. तुमचा चेहरा कसा झाला होता! "गप! मोठ्या माणसांत तोंड घालायचं न्हाय," म्हणून तुम्ही अशा आवाजात खेकसलात की मी घरापर्यंत रडत पळाले. पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्यासाठी रिबिनी आणल्या. शाळेला लाल लागायच्या, तुम्ही हिरव्या आणल्या, आणि किती खुशीत माझ्या हातावर ठेवल्या! मी फुरंगटून बसले, मला वाटलं अजून रागावलेत म्हणून मुद्दाम आणल्या. आईनं एका शब्दानं न बोलता त्या बदलून आणल्या.

आता माझं भांडण ऐका. तुमची जमीन दादाच्या नावावर गेली. मी हक्कसोडीवर सही केली, हसत केली, भावाचं वाईट चिंतायची माझी जात नाही. पण त्याचा मुलगा मागच्याच भरतीत लष्करात लागला, गावानं गुलाल उधळला, मीही पेढे वाटले. त्याला कधीच अडचण येणार नव्हती. दादाला तुमच्याकडून वाय मिळाला आणि नाव मिळालं. डोळे माझ्या वाट्याला आले, आणि ते मी कुणाच्या नावे सोडू शकत नव्हते. एका शब्दानं सांगितलं असतंत तर पोराला लहानपणीच तपासलं असतं. दुसऱ्या कशाचं तरी वेड लागलं असतं त्याला.

बाद होऊन आला त्या दिवशी त्यानं बूट गोठ्यात भिरकावले, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याजवळ येऊन बसला. "आई, हे कुणाकडनं आलं?" मी पेपरच्या कडेला चौकट आखली. वर्गात आखते तशी ती सरळ आली नाही.

"म्हंजे तू दिलंस."

"व्हय. मी दिलं."

"आणि तुला?"

"तुझ्या आजोबांनी."

त्यानं चौकटीवरून बोट तुमच्यापर्यंत वर नेलं. तुमच्यावर चिडेल असं वाटलं मला. तुमच्या खांद्यावर बसून तो बागभर हिंडलेला आहे, तुमच्याबद्दल वाकडं बोललेलं मला ऐकवलं नसतं. पण त्यानं एवढंच विचारलं, "मग आजोबा डाळिंब कसं तोडायचे?" मी लक्ष्मीच्या हाताचं सांगितलं. आधी त्याला खरं वाटेना, आणि मग असा हसला, तात्या, पोट धरून हसला. "लई बेरकी होता म्हातारा!" म्हणाला. हसता हसता त्याचा आवाज फाटला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो रडायला लागला. एवढा बाप्या, पण हुंदके लहानपणीचेच. "मी काय कमी केलं गं?" एवढंच परत परत म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते.

आता तो लोणी देवकरला एका कंपनीत जातो. डबा नेतो, हसतो, बोलतो. कॅनॉलवर जात नाही. पोरं पळताना दिसली की मान दुसरीकडे करतो, ते बघून माझं काळीज तुटतं.

एवढं भांडले खरी, पण एक राहिलं. हा कागद मी आता फाडून चुलीत घालणार आहे, त्याची शिफ्ट सुटायची वेळ झाली, तेव्हा सांगून टाकते. त्या दुपारी त्याच्या पाठीवर हात फिरवताना, तो एवढा रडत असताना, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? वाचलं बाई माझं पोर. आता ह्याला कुणी सीमेवर नेणार नाही. तात्या, तुमचे उपकार झाले.