अंबाड्यात खोवलेली पिन

मामंजी, आज सकाळी स्टोव्हचा पंप हवा धरेना, म्हणून ओसरीवर वर्तमानपत्र पसरून मी तो उघडला. काढलेल्या क्रमाने एकेक वस्तू डावीकडून उजवीकडे मांडली, प्रत्येकीभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि गोलाजवळ आकडा लिहिला. तुमचीच पद्धत. सगळं परत बसवून झालं, कागद रिकामा झाला, तरी मी तो झटकला, उलटा करून पाहिला, मग फरशीवर हात फिरवत बसले. सत्तरी ओलांडलेली बाई रांगत रांगत काय शोधतेय म्हणून नातसून हसली. तिला काय सांगणार, की काही मागे राहिलं नाही ना एवढंच बघताना माझी अजून पाचावर धारण बसते. तुम्हाला जाऊन पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर उभं राहून दहा वाक्यं कधी बोलले नाही. सुनांनी सासऱ्याशी दाराआडूनच बोलायचं ते दिवस. आज मध्ये दार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आपला मोटारखाना मला जसाच्या तसा दिसतो. शरणपूरच्या रस्त्याला घर, मागे परसात पूर्वीचा टांग्याचा तबेला, त्यात तुमची ती उघड्या टपाची जुनी मोटार. घोड्याची गव्हाण तशीच ठेवून तिच्यावर तुम्ही फळी टाकली होती आणि फळीवर पाने, पकडी, कानशी, हातोड्या ओळीने. कचेरीतून आलात की कोट काढायचा, जुनं धोतर नेसायचं आणि सरळ तिकडे. नाशकात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, पण ज्यांच्याकडे होत्या ते मिस्त्रीकडे पाठवायचे. तुम्ही मात्र म्हणायचात, "जी वस्तू मला उघडता येत नाही ती माझी नाहीच." शिवणयंत्र, घड्याळ, कंदील, विहिरीचा रहाट, काही म्हणून तुम्ही बाहेर जाऊ दिलं नाही. सासूबाई वैतागायच्या. "ह्यांना चुलीतला जाळसुद्धा उघडून बघायचा असतो," म्हणायच्या.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीची गोष्ट तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले. मोटारखाना झाडताना तुमच्या कागदावरची एक चकती मी उचलून बाजूला ठेवली होती. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. माझ्याकडे न बघता, सासूबाईंना सांगावं तसं सावकाश म्हणालात, "सूनबाईला सांगा, ह्या कागदावर माणसांचे जीव मांडलेले असतात. पुन्हा हात लागला तर मी सिन्नरला पत्र टाकीन, घेऊन जा म्हणून." सिन्नर म्हणजे माझं माहेर, आणि माहेरी सावत्र आई. निघताना तिने मला सांगून ठेवलं होतं, परत आलीस तर ह्या घरात तुला जागा नाही. तुम्हाला हे कुठे ठाऊक होतं. तुम्ही एक धाक घातलात आणि विसरलात, मी तो गळ्यात बांधून घेतला. पत्र टाकणारा माणूस नव्हतात तुम्ही, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी तुमच्या चपलांच्या आवाजालाही भीत होते.

मग ती अष्टमी. लेक तीन वर्षांची होती. मोटारीचा ब्रेक लागताना कुरकुरतो म्हणून तुम्ही सकाळीच त्याच्या सळया सोडवून कागदावर मांडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्या घरची रीत अशी, की हत्यारं रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून देवासमोर ठेवायची, आणि एकदा फूल वाहिलं की एकादशीच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तलवारी नव्हत्या आपल्याकडे, तुमच्या पकडी-हातोड्यांचीच पूजा. सासूबाईंनी मला सांगितलं, "दुपारी ते जेवायला बसले की हत्यारं आणून घासून ठेव, त्यांना लागतील तेवढी तिथेच राहू दे." मी टमरेलात रॉकेल घेऊन गेले. कागदाला हात लावायचा नाही एवढं एकच मनात घोकत मी फळीवरची हत्यारं उचलली. एक पेचकस कागदाच्या कडेवर आडवा पडला होता. तो तेवढा उचलला आणि टमरेलात टाकला.

संध्याकाळी तुम्ही जोडायला बसलात. मी विहिरीवर भांडी घासत होते, तिथून उघड्या दारातून तुम्ही दिसायचात. तुम्ही मोजलंत. चष्मा पुसून पुन्हा मोजलंत. कागद उचलून झटकलात, गुडघ्यांवर बसून जमीन चाचपलीत. कुणाला हाक मारली नाहीत, कुणाला विचारलं नाहीत. मग बराच वेळ मोटारीखाली होतात आणि बाहेर आलात ते हात धुऊन थेट जेवायलाच बसलात. मला वाटलं, सापडलं असेल.

नवमीला पहाटे मी टमरेलातलं रॉकेल फडक्यातून गाळलं, तर तळाशी ती. दोन पायांची, दुमडलेली, माझ्या केसांतल्या आकड्याहून थोडी जाड. पेचकसाच्या मळाला चिकटून आली असणार. अशी पिन सळईच्या टोकाला घालून पाय फाकवायचे, म्हणजे सळई निसटत नाही, हे तुम्ही ह्यांना समजावताना मी दाराआडून ऐकलं होतं. ही नसेल तर ब्रेक दाबला की पाय नुसता मोटारीच्या तळाच्या फळीला टेकतो, मोटार थांबत नाही, असंही म्हणाला होतात. तेवढ्यात मागून सासूबाईंची पावलं वाजली, आणि मी काय करावं? पिन पदराला पुसली आणि अंबाड्यात खोवली. चार आकड्यांत पाचवी. त्या म्हणाल्या, "झाली का हत्यारं? आण, वेळ टळतेय." मी आणली. तुम्ही सोवळ्यात बसून एकेकाला कुंकू लावलंत, झेंडूची फुलं वाहिलीत, आणि संपलं. आता सांगितलं तरी पकड उचलता येणार नाही, मग सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. खोटं होतं ते. माणसांच्या जिवापुढे तुम्ही रीत बघत बसला नसता. पण भ्यालेल्या माणसाला एखादं कारण सापडलं की तो ते सोडत नाही.

दसऱ्याला दुपारी मोटारीला तोरण बांधलं. सोमेश्वराला जायचं, सीमोल्लंघन करून दिवेलागणीच्या आत परत यायचं असा बेत. तुम्ही चालवणार, शेजारी हे, मागे सासूबाई, मी आणि लेक. सोमेश्वराआधी नदीकडे उतरणारा रस्ता मला पाठ होता, एका बाजूला खडक आणि खाली पाणी. मी अंथरूण धरलं. डोकं फुटतंय म्हटलं. मला वाटलं, मी पडले की जाणं रद्द होईल. सासूबाई कपाळाला सुंठ लावून म्हणाल्या, "तू पड स्वस्थ. आम्ही जाऊन येतो." मी म्हटलं, "मग हिला राहू दे माझ्याजवळ." तर लेकीने भोकाड पसरलं. तिला उचलून जवळ घेतलं तेव्हा ती माझ्या मानेत नाक खुपसून म्हणाली, "आई, तुझ्या डोक्याला रॉकेलचा वास येतोय." सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं. मी दिलं. हात सोडले मी माझे. मोटारीचा आवाज फाटकातून बाहेर गेला, वळला, ऐकू येईनासा झाला. तोपर्यंतसुद्धा धावत जाता आलं असतं.

त्यानंतरचे ते तीन तास कसे गेले ते लिहून सांगता येत नाही. मी देवासमोर बसले, तर समोर तुमची पक्कड. बाहेर आले, तर रस्त्यावर लोक सोनं लुटत चाललेले, हसत. एकदा पिन काढून विहिरीत टाकावी म्हणून कठड्यापर्यंत गेले. पण ती टाकली की मग खरंच झालं, असं काहीसं मनात आलं, आणि पुन्हा केसांत खोवली. कुणीतरी घाईघाईने फाटकाशी येईल, टोपी काढून उभं राहील, हेच दिसत होतं. एकही शब्द तोंडून न काढता मी घरातली चार माणसं उतारावर पाठवली होती. का, तर मला सिन्नरला जायचं नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला मोटार आली. सगळे उतरले. तुम्ही आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवलीत आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोललात. "डोकं कसं आहे, मुली?" मी मान हलवली. सगळे ओवाळण्याच्या गडबडीत असताना मी पिन अंबाड्यातून काढली आणि देवासमोरच्या झेंडूच्या फुलांखाली सारली. टाकवत नव्हती, ठेववत नव्हती, म्हणून.

एकादशीला सकाळी तुम्ही फुलं उचललीत आणि तसेच बसून राहिलात. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं?" तुम्ही पिन तळहातावर घेऊन उजेडाकडे धरली होती. "ही इथे होती. मीच ठेवली असणार हत्यारांबरोबर. आणि मी सायकलची तार वळवून घातली तिथे, ही हरवली म्हणून." मग म्हणालात, "माझं मला आठवत नाही. काढलेली वस्तू ज्याला आठवत नाही त्याने ब्रेकला हात लावू नये." सासूबाई म्हणाल्या, "एवढंसं तर आहे, जाऊ द्या." तुम्ही नाही जाऊ दिलंत. म्हणजे तार घातलेली होती. त्या तीन तासांत उतारावर काहीच होणार नव्हतं. मला एवढंच पुढे होऊन सांगायचं होतं, की तुमचं डोकं ठिकाणावर आहे, पिन माझ्या हातून गेली. मी कणीक मळायला घेतली.

तुम्ही मोटारखान्याला कुलूप लावलंत. मोटार भद्रकालीतल्या मिस्त्रीकडे जायला लागली. कचेरीतून आलात की कोट काढून ओसरीवरच्या खुर्चीत, आणि ज्या वर्तमानपत्रावर पूर्वी मोटारीचे अवयव मांडायचात ते नुसतं वाचत बसायचात. एकच पान कितीतरी वेळ. हळूहळू तुम्ही किल्ली कुठे ठेवली, औषध घेतलं का, तेही सासूबाईंना विचारायला लागलात. विसरत नव्हता तुम्ही. विसरू अशी भीती तुम्हाला बसली होती, आणि ती कुणी बसवली ते घरात एका मलाच ठाऊक होतं.

एकदा दुपारी स्टोव्ह बंद पडला, हे घरी नव्हते, तेव्हा मी तो तुमच्यासारखा कागदावर उघडला. तुम्ही खुर्चीतून बघत होता. "वॉशर उलटा बसवतेयस," म्हणालात. मी सुलटा केला. मग रोज काहीतरी. हात लावायचा नाही, खुर्चीतून उठायचं नाही, नुसतं सांगायचं, आणि मी करायचं. पुढच्या वर्षी तापाने तुम्ही अंथरूण धरलंत, त्याच्या आधी काही दिवस तुम्ही कुलूप काढून ती पक्कड आणलीत आणि माझ्यापुढे ठेवलीत. "तुझी नजर चांगली आहे. माझ्यासारखी चूक तू करायची नाहीस." मी वाकून नमस्कार केला आणि पक्कड घेतली. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत होता, काही बोलेन म्हणून की काय, कोण जाणे.

ही पक्कड अजून माझ्याकडे आहे. खंडेनवमीला मी तिला कुंकू लावते आणि एकादशी उजाडेपर्यंत मला धड झोप लागत नाही. पत्र घडी घालून तिच्या डब्यातच ठेवीन, टाकणार कुठे. एवढं लिहिलं तर शेवटचंही लिहिते. दसऱ्याला मोटार फाटकातून आत आली तेव्हा मी दारात रडले, आणि सगळे समजले, लेक दिसली म्हणून. लेक मला नंतर दिसली, मामंजी. आधी मनात आलं ते हे, की सुटले, आता सांगावं लागणार नाही.