ए, ई, आर आणि टी

अण्णा,

त्या संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून आलात आणि पगडी खुंटीला न लावता तसेच चुलीपाशी येऊन बसलात, तिथपासून मला लिहायचं आहे. मुंबईच्या कोट भागातल्या तुमच्या ऑफिसात तुम्ही लिहिलेल्या एका पत्रात इंग्रजी शब्द चुकला होता आणि साहेबाने ते पत्र सगळ्या कारकुनांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हे तुम्ही आईला हळू आवाजात सांगत होता. मी भाजी निवडत ऐकत होते. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तुम्ही हात लावला नाहीत. मग काही दिवसांनी साहेबाने टाकून दिलेलं एक इंग्रजी साप्ताहिक तुम्ही घडी घालून घरी आणलंत. त्यात एक स्पर्धा होती. ए, ई, आर आणि टी ही चारही अक्षरं ज्यांत आहेत असे शब्द शोधायचे, मग ती अक्षरं कुठल्याही क्रमाने येवोत. ज्याचे शब्द सगळ्यांत जास्त, त्याचं नाव छापून येणार. "हाच पेपर त्याच्या टेबलावर येतो," तुम्ही म्हणालात. "माझं नाव वाचू दे त्याला मोठ्याने."

तोवर तुम्ही माझ्याशी फारसं बोलत नव्हता. मुलगी वाढतेय, स्थळं बघायला हवीत, एवढंच तुमच्या तोंडून माझ्याविषयी ऐकू यायचं. पण शाळेतल्या बाईंमुळे मला इंग्रजी मुळाक्षरं येत होती, आणि तुम्हाला जोडीदार हवा होता. जुन्या बाजारातून तुम्ही पुठ्ठा निघालेला एक कोश आणलात, मला पाटी घेऊन शेजारी बसवलंत. मी रकान्यावरून बोट फिरवते, चारही अक्षरं दिसली की थांबते, आणि तुम्ही त्या शब्दाचा अर्थ सांगता, एखादी गोष्ट सांगावी तसा. वॉटर. हार्ट. थिएटर. एकदा माझं बोट 'डॉटर'वर थांबलं. तुम्ही एकेक अक्षर तपासलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "फादरसुद्धा बसतो की." आईने भाकरी थापता थापता विचारलं, "आणि आईला काय म्हणतात?" तुम्ही सांगितलंत. त्यात ए नव्हता. "मग राहू दे," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

थंडी पडता पडता मांडवीकडचा गाठीचा ताप आमच्या गिरगावात आला. जिन्याखाली मेलेले उंदीर सापडू लागले. समोरच्या बिऱ्हाडातली सून सकाळी नळावर आईशी बोलली होती. तिच्या काखेत गाठ उठली आणि दुसऱ्या दिवशी तिला खाली नेलं. माणसं बोचकी बांधून धक्क्याकडे निघाली. आई रोज म्हणे, आपणही निघू. तुम्ही म्हणायचात, यादी पुरी होऊ दे. एका दुपारी तिने मला मोरीपाशी ओढून घेतलं. "माझं ऐकायचे नाहीत. तुझ्याशी बोलतात, तू सांग." तुम्ही आल्यावर मी सांगितलं की आपण सगळेच गावी जाऊ, शब्द तिथेही शोधता येतील. तुम्ही कोश मिटलात. "पळालो तर साहेब आणखी हसेल," म्हणालात. आणि मग, माझ्याकडे न बघता, "तूसुद्धा आईसारखीच निघालीस." त्या संध्याकाळी तुम्ही मला पाटी आणायला सांगितलं नाहीत.

शेवटी तुम्ही आम्हाला भाऊच्या धक्क्यावर आणून आगबोटीत बसवलंत. आईला, मला आणि अंगावर पिणाऱ्या धाकट्याला. यादी टपालात टाकतो आणि पुढच्या बोटीने येतो, असं तुम्ही आईला सांगितलंत. गावाकडच्या बंदरात उतरलो तर गावात जाऊ देईनात. मुंबईहून आलेल्या सगळ्यांना किनाऱ्यावरच्या नारळीच्या झापांच्या मांडवात ठेवलं होतं. डॉक्टरबरोबरचा कारकून सारखा एक शब्द बोलत होता, क्वारंटाइन. मी त्याला स्पेलिंग विचारलं. तो चकित झाला, पण वाळूत काठीने लिहून दाखवलं. चारही अक्षरं होती. मी धावत आईकडे गेले, तिला हलवून म्हणाले, हा शब्द अण्णांकडे नसणार. ती धाकट्याला पदराखाली घेऊन समुद्राकडे बघत होती. "कळव त्यांना," एवढंच म्हणाली.

कळवायचं राहिलं. आम्हाला सोडलं आणि आम्ही मामाच्या घरी पोचलो, तर शेजाऱ्यांचा निरोप आमच्या आधी तिथे आला होता. तुम्हाला इस्पितळात नेलं, तिथून तुम्ही परत आला नाहीत. खोलीतलं सामान जाळलं, भिंतींना चुना दिला. यादी टपालात पडली होती की कोशाबरोबर जळाली, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

आईने उरलेलं आयुष्य माहेरी चुलीपुढे काढलं. कुणी विचारलं की ती म्हणायची, नोकरी सोडता येईना म्हणून राहिले. स्पर्धेचं नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही, माझ्यापाशीसुद्धा नाही. मी तिथे असले की हे उत्तर ती जरा घाईने द्यायची; ती मला सांभाळून घेत होती, हे मला फार उशिरा उमगलं. गेल्या महिन्यात धाकटा माझ्या दादरच्या घरी आला होता. तो आता स्वतः आजोबा झालाय. जेवता जेवता म्हणाला, "ताई, अण्णा आपल्याबरोबर बोटीत का नाही बसले?" मी म्हणाले, ऑफिसाने सोडलं नाही. त्याने मान हलवली आणि भात कालवला.

त्याला खरं सांगावं, निदान लिहून द्यावं, म्हणून हे सुरू केलं होतं. आता त्यालाही देणार नाही. तुमच्या हट्टाबद्दल त्याला सांगता येईल, मी रागावले आहे तेही सांगता येईल. अजून रागावलेच आहे. पण चाळीतून रोज कुणाला तरी खाली नेत होते, आईला घास गिळवत नव्हता, आणि मी मात्र तुम्ही घरी कधी येता याची वाट बघत असे. 'जाऊ या' म्हणाले ते आईने सांगितलं म्हणून. तुम्ही नाही म्हणालात, रागावलात, तरी आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं, पाटी घेऊन तुमच्या शेजारी बसायला आणखी काही संध्याकाळी मिळतील म्हणून.