स्टेशनमास्तरांच्या नावाचं खोकं

आदरणीय वेंडेलिन मामा,

योरिनचा नमस्कार. तीन आठवडे रोज तुम्हाला पत्र लिहायला बसतोय आणि रोज शाई आणायला म्हणून उठून भलतीकडेच जातोय, हे आधी कबूल करून टाकतो. हेडामामींचा गुडघा कसा आहे? चर्चमधल्या ऑर्गनचा भाता दुरुस्त झाला का? आणि तुमची तब्येत? (हे उगाच विचारलेलं नाही, पण त्याकडे नंतर येतो.)

बंदर सोडून मी हल्ली थुरिंगियात एका कारखान्यात आहे. शाळांसाठी शरीराचे प्लास्टरचे नमुने बनवतात. हृदय, फुफ्फुसं जुन्या कारागिरांकडे. माझ्या वाट्याला पुरुषाचा मूत्रपिंडांपासून खालचा भाग आला. मालकीण झ्विकबाई म्हणाल्या, तिथे चुकलास तरी कुणी मास्तर मोठ्याने तक्रार करणार नाही. पण काम मन रमवणारं आहे. वर दोन मूत्रपिंडं, त्यांतून दोन बारीक नळ्या मूत्राशयात, आणि तिथून बाहेर पडायला एकच वाट. वृषणं थंडाव्यासाठी बाहेर टांगलेली (मला तीच सगळ्यांत शहाणी वाटतात). तिथून निघालेली वीर्यवाहिनी मात्र सरळ जायचं सोडून वर चढते, मूत्राशयामागून वळसा घालते आणि मग खाली येऊन त्याच वाटेला मिळते. बाई म्हणाल्या, "ही नळी तुझ्याच घराण्यातली दिसते."

तर सोमवारी एका खोक्यावर 'फोरश्टेहर' लिहिलेलं दिसलं. आपल्या जर्मनमध्ये स्टेशनमास्तरही फोरश्टेहर आणि मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथीही फोरश्टेहर, हे आठवीत शाळा सोडलेल्याला कोण सांगणार? मी खोकं नेऊन स्टेशनमास्तर राउशर्टांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते प्रवाशांदेखत उघडलं. आत अक्रोडाएवढ्या चाळीस गुलाबी ग्रंथी, प्रत्येकीला आरपार भोक. दोन म्हाताऱ्यांनी तर बदामाची मिठाई, मार्झिपान, समजून एकेक उचललीसुद्धा.

झ्विकबाई धावत आल्या आणि त्यांनी फलाटावरच शिकवणी घेतली. लघवीची नळी हिच्या मधून जाते, वय झालं की ही फुगते, नळी आवळते. मग माणूस सारखा जातो आणि हात हलवत परत येतो. राउशर्ट हळूच खुर्चीत बसले. किती फुगते, म्हणाले. बाईंनी मूठ दाखवली.

"आणि डॉक्टर काय करतात?"

"बोटाने तपासतात. मिनिटभर."

"बोटाने?"

"मग काय, शिट्टीने?"

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे जाऊन आले. घाबरण्यासारखं काही निघालं नाही, औषध चालू आहे, आणि गाडीला झेंडा दाखवायला आता ते स्वतः हजर असतात.

तुमचा भाचा,
योरिन

ता. क. खरं म्हणजे हे पत्र मामींनी लिहायला लावलंय. महिन्यापूर्वी एका रविवारी तुम्ही प्रार्थनेच्या मधेच तीनदा ऑर्गन सोडून गेलात आणि लोक बिचारे एकच कडवं घोळवत बसले. इथल्या डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेऊन ठेवलीय. या ना मामा. (मामींचं नाव सांगू नकोस अशी सक्त ताकीद आहे, तेव्हा हे वाचलं नाही असं समजा.)

ता. क. २ आता हे पाठवू कुणाला? दारात बॅग घेऊन तुम्हीच उभे. आधी शौचालय विचारलंत आणि आत शिरता शिरता म्हणालात, "हेडाला बोलू नकोस. इथे लघवीचा एक डॉक्टर आहे म्हणतात, तो कुठे बसतो रे?" तुम्ही अजून आतच आहात, म्हणून एवढं लिहून झालं.